चार ओळी, तीन भोकं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

एकतीस वर्षांनी पत्र लिहायला बसलो आणि मायन्यापाशीच अडलो. तीर्थरूप लिहावं तर तू हसशील, प्रिय लिहावं तर न वाचता फाडशील. म्हणून नुसतं ताई. अक्षर ओळखलंसच असशील. बाबा म्हणायचे, याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आता वयानं कोंबडी लंगडायलाही लागली आहे.

मी बरा आहे. गुडघे सोडले तर बाकीचं यंत्र चालू आहे. खाली बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात आता एक चष्मेवाला बसतो, पण जिना तोच आणि वरच्या दोन खोल्या त्याच. तुझ्या खोलीत मी झोपत नाही. तिथे फक्त इस्त्री करतो.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर परवा घरी एक मुलगी आली होती, तिनं दिला. जुने सरकारी कागद ठेवतात त्या अभिलेखागारात ती नोकरीला आहे. म्हणजे तुझ्याच जातकुळीतली, फक्त तू टेबलावरून डोकं वर काढायची नाहीस आणि ही सारखी हसत असते. गोपनीय फाईल तीस वर्षांनी उघडायची असा नियम आहे म्हणे. आपली एकतिसाव्या वर्षी उघडली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तुला मी काय सांगणार!

हे लोक आता एक प्रदर्शन भरवताहेत. सरकारनं काय झाकलं आणि पेपरांनी काय छापलं, असा विषय. सत्तावीस तारखेला, शुक्रवारी उघडणार. आमच्या पेपरच्या पहिल्या पानावरचा तो कागदाचा फोटो दाराएवढा करून लावणार आहेत आणि त्याच्या शेजारी उभं राहून मी दहा मिनिटं बोलायचं. "आजोबा, या फोटोवर शेवटचा हात तुमचाच फिरला होता ना?" असं तिनं विचारलं. मला आजोबा म्हणणारं जगात दुसरं कुणी नाही, त्यामुळे मी लगेच विरघळलो.

तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुलाही तेच लिहितो, कुठे चुकलो असेन तर कळव.

तू दारूगोळा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होतीस. मी पेपरात फोटोंवर ब्रश फिरवायचो. पुढाऱ्याच्या गालावरचा डाग घालव, खेळाडूच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब काढ, असली कामं. शहराच्या कडेला दारूगोळ्याचं कोठार होतं आणि त्याच्या भिंतीला चिकटून चार हजार माणसांची वस्ती. जुना माल पाझरायला लागलाय, एखाद्या उन्हाळ्यात सगळं उडेल, असं खात्याच्याच इंजिनिअरनं तीन वर्षांत तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा वरून शेरा आला, 'गोपनीय. दप्तरी दाखल.' तिन्ही कागद तू तुझ्या हातानं फायलीत शिवलेस. तिसऱ्याचा फोटो आमच्या पेपरात आला. अकरा आठवड्यांत कोठार हललं. वस्ती जागच्या जागी राहिली आणि तुला चौदा महिन्यांची कैद झाली.

तुला कशावरून धरलं हेही तिला सांगितलं. फाईल शिवताना कागदाच्या डाव्या कडेला टोच्यानं तीन भोकं पाडतात. सगळं जग मधलं भोक बरोबर मध्यावर पाडतं. आपल्याला बाबांनी शिकवलं होतं की कागद मध्ये दुमडलेला असतो, घडीवर तो आधीच दुखावलेला असतो, म्हणून तिथे टोचा मारायचा नाही, एक बोट वर मारायचा. पेपरातल्या फोटोत डावी कडा स्वच्छ दिसत होती आणि मधलं भोक एक बोट वर होतं. चौकशीवाल्यांनी खात्यातल्या सगळ्या फायली उघडून बघितल्या. तसली भोकं फक्त तुझ्याच फायलींत.

ती कडा कापून टाकू का, असं मी संपादकांना विचारलं होतं, ताई. ते नाही म्हणाले. आमच्याकडे नियमच होता, चेहऱ्यावर ब्रश चालेल, कागदावर चालणार नाही. मी नोकरमाणूस, काय करणार?

तर आता विचारायचं ते असं. कोर्टानं तुझं नाव घेतलं, पण आमच्या पेपरनं आजवर घेतलेलं नाही. ज्याला तू कागद दिलास तो आमचा बातमीदार, ज्याला आम्ही सगळे उंट म्हणायचो, तो गेल्या वर्षी गेला. बातमी कुणी दिली ते सांगायचं नाही, हा त्याचा धर्म. शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. त्यामुळे शुक्रवारी मी तिथे उभं राहून तुझ्याविषयी बोलायचं असेल तर तुझी परवानगी पाहिजे. बोलू का?

दोन ओळी लिही. नाही म्हणायचं असेल तर एका शब्दात भागेल.

तुझा
बोळ्या


१० फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो. पोचूनही उत्तर आलं नाही असं धरलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

काल मुद्दाम त्या वस्तीत जाऊन आलो. कोठाराच्या जागी आता भाजीबाजार आहे. शाळेला वरचा मजला चढलाय. भिंतीच्या कडेला एक बाई धुतलेल्या चादरी वाळत घालत होती, तिला विचारलं, इथे पूर्वी काय होतं? म्हणाली, काहीतरी गोदाम होतं म्हणतात. बस. जे उडालंच नाही त्याची आठवण कोण ठेवणार? उडालं असतं तर आज तिथे दगडावर नावं कोरलेली असती, आणि दरवर्षी कुणीतरी येऊन मान खाली घालून उभं राहिलं असतं. मला एकदम तुझा इतका अभिमान वाटला की त्या बाईला चादर पिळायला मदत करू का म्हणून विचारलं. ती घाबरून आत गेली.

हल्ली सारखे जुने दिवस आठवतात. खळीचा डबा शेगडीवर चढला की वर खोलीपर्यंत वास यायचा. बाबांकडे ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं शिवायला यायची, सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे. ज्याच्या हाताला जो फर्मा लागेल तो त्यानं वाचायचा. त्यामुळे आपल्याला प्रत्येक गोष्टीत लग्न आधी कळायचं आणि ओळख नंतर. एकदा एक खुनाची गोष्ट होती, शेवटचा फर्मा तुझ्याकडे गेला आणि तू खुनी कोण ते आठ दिवस सांगितलं नाहीस. मी रडलो, तुझ्या वेणीला खळ लावली, तरी नाही. बाबा म्हणाले होते, ही पोरगी सरकारात लागणार. आणि लागलीसच.

माझं नावही तूच पाडलंस. पाटी पुसायचा ओला बोळा घेऊन मी शाळेत जायचो. स्वतःची पाटी पुसून झाली की शेजाऱ्याच्या गणितावरही फिरवायचो. पुढे त्याच कामाचा पगार मिळेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

बाबा गेल्यावर आपण दोघंच उरलो. तू सरकारची, मी पेपरचा, एका छपराखाली. गल्लीतले लोक म्हणायचे, यांच्याकडे विळ्याभोपळ्याचं जमतं कसं? जमायचं, कारण करार होता. ऑफिसचं ऑफिसात, पेपरचं पेपरात. रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहून तू ती निळी कापडी पिशवी उलटी करून झटकायचीस. डबा, कंगवा, छत्री, किल्ल्या. "बघ, सरकार घरात आणलेलं नाही." मग मी माझे रंगानं बरबटलेले हात पुढे करायचो. तू म्हणायचीस, "आधी साबण." वीस वर्षं रोज हा खेळ चालला आणि मला कधी त्याचा कंटाळा आला नाही.

तो कागद आला त्या आठवड्यात तू पिशवी झटकली नव्हतीस. मला वाटलं विसरलीस.

त्या दुपारचं तुला मी कधी सांगितलेलं नाही. सांगणार कधी? सकाळी उंटानं कागद आणून दिला, त्याचा फोटो काढला, तो मोठा करून बारा वाजता माझ्या टेबलावर आला. छापण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारायचं ही आमची पद्धत, म्हणून उंटानं खात्याला फोन केला. तीन वाजता करड्या कोटातला एक अधिकारी हजर. वाटलं होतं आरडाओरडा करेल. तो हळू बोलला.

"छापू नका," तो म्हणाला.

"छापणार," संपादक म्हणाले. "चार हजार माणसं झोपतात तिथे."

"ती मलाही ठाऊक आहेत. आणि त्या भिंतीवर रात्री जी पोरं बंदूक घेऊन उभी असतात, ती माझी आहेत. या कागदात त्यांचे पहारे कधी बदलतात ते लिहिलंय. मागचं फाटक कुठलं, कुठल्या खोलीत काय, सगळं. तुमचा पेपर फक्त वस्तीतच जातो का?"

संपादकांनी कागद दोनदा वाचला. मग पेन्सिलीनं चार ओळींखाली रेघ मारली. "या चार ओळींची वाचकाला गरज नाही," ते म्हणाले. "बाकीच्यांची आहे." दोघांचा तासभर वाद झाला, आवाज चढले, पण शेवटी तेवढ्यावर मिटलं. मला अजून वाटतं की त्या खोलीत त्या दिवशी दोघंही बरोबर होते. असं पुन्हा मी कुठल्या खोलीत पाहिलं नाही.

त्या चार ओळींवर काळा रंग मी भरला. कागदावर ब्रश लावायचा नाही हा नियम माझ्या नोकरीत एकदाच मोडला, तो देशासाठी. अधिकारी माझ्या खांद्यामागे उभा राहून बघत होता.

उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

बोळ्या


१६ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

ती मुलगी गुरुवारी पुन्हा आली होती. भाषणासाठी तारखा तपासून घेत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही कडा कापायला तयार होतात, पण संपादक नाही म्हणाले?" मी हो म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. शाई वाळेपर्यंत मी बघत बसलो आणि ती गेल्यावर जेवण गेलं नाही.

ते खोटं आहे. मी संपादकांना विचारलंच नव्हतं.

इतकी वर्षं मी हे इतक्यांदा सांगितलंय की माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं. संपादक वारले, उंट वारला, खोडून काढणारं कुणी नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालणं फार सोपं असतं.

आता खरं लिहितो. फोटो बारा वाजता टेबलावर आला. मी भिंग लावलं आणि पहिल्यांदा अक्षरं नाही, भोकं बघितली. बाइंडरच्या पोराची नजर दुसरीकडे जाणार कुठे? मधलं एक बोट वर. जगात असं भोक पाडणारी दोनच माणसं उरली होती आणि त्यातला एक टेबलाशी बसला होता. मला लगेच कळलं, ताई. त्याच क्षणी.

पट्टी आणि पातं हाताशी होतं. अर्ध्या इंचाची कडा. कापली असती तर फोटो थोडा अरुंद झाला असता, कुणी विचारलंही नसतं. आणि पांढरा रंग होताच. तीन ठिपके, एक मिनिटाचं काम. बारा ते तीन, तीन तास तो फोटो माझ्यासमोर होता.

मी काही केलं नाही. का, ते लिहायला मला चार दिवस लागले. भीती म्हणू का? नाही. नियम? नियम तर मी संध्याकाळच्या आत मोडलाच. खरं कारण एवढंसं आहे की सांगायची लाज वाटते. मला राग आला होता. वीस वर्षं एका घरात जेवलो, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू नेऊन दिलीस ती त्या उंटाला. मी त्याच पेपरात, तीन टेबलं सोडून. मला एक शब्द नाही. मला पुन्हा तो शेवटचा फर्मा तू दडवलास असं वाटलं. मनात म्हटलं, ठेवते ना ही मला बाहेर, मग मीही बाहेरच. मला काय ठाऊक हा कुणाचा कागद!

आणि दुसरं असं, की फोटो सुंदर आला होता. भोकांच्या कडेला बारीक सावली पडली होती. त्या सावलीमुळे कागद खरा वाटत होता, हात लावला तर बोटाला लागेल असा. माझ्या हातून तसं काम पुन्हा झालं नाही. तीन ठिपक्यांनी ते मेलं असतं. तुझ्या भावाला कारागिरीची घमेंड होती, हे तुला ठाऊक आहेच.

अजून एक गोष्ट राहिली. चार ओळी काळ्या करून झाल्यावर त्या अधिकाऱ्यानं माझं भिंग मागितलं. मला वाटलं, अक्षरं कुठे डोकावताहेत का ते बघतोय. मी दिलं. कापडानं पुसून दिलं. तो बराच वेळ वाकून बघत होता, आणि ओळींवर नाही, डाव्या कडेवर. मग भिंग परत देत म्हणाला, "काम स्वच्छ आहे तुमचं." मी आभार मानले.

देशासाठी चार ओळी झाकल्या, आणि माझ्या बहिणीसाठी तीन भोकं झाकली नाहीत. एवढंच सांगायचं होतं. परवानगी आता मागत नाही, कुठल्या तोंडानं मागू?

आणि चौदा महिन्यांत भेटायला आलो नाही, त्याला पेपरच्या वकिलानं मनाई केली होती असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यानं एकदाच म्हटलं होतं की जपून राहा. मीच ते धरून बसलो. तू सुटून आलीस, दोन ट्रंका घेतल्यास आणि माझ्याकडे न बघता जिना उतरलीस. मी वरून बघत होतो. ट्रंक धरायलाही खाली आलो नाही.

बोळ्या


पोस्टकार्ड
२० फेब्रुवारी

बोळ्या,

तिन्ही पत्रं पोचली. मी धडधाकट आहे. इथल्या शाळेची पुस्तकं अजून मीच शिवते.

फाईल उघडली आहे, तेव्हा तुला ती बघायला मिळेल आणि तू बघशीलच. बघ. पण पान सदतीस वाचू नकोस.

ताई


२५ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तुझं कार्ड मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. दूध आणायला गेलो तेव्हाही. पत्त्याचं अक्षर अजून तसंच, ओळीत बसलेलं, सरकारी.

लहानपणापासून तू जे करू नको म्हणालीस ते मी केलंय. मग आता काय वेगळं होणार होतं? सोमवारी सकाळी अभिलेखागारात जाऊन बसलो. मोठी उजेडाची खोली आहे, लांब टेबलं, पेन न्यायला बंदी, पेन्सिल तेवढी देतात. मुलीनं फाईल आणून ठेवली. पहिल्यांदा पाठीवरून हात फिरवला. शिवण कुणा दुसऱ्याची होती, मध्यावर टोचलेली, आणि सगळी पानं घडीवर फाटायला आली होती. बाबा असते तर त्या शिवणाऱ्याला खाली बोलावून कान धरला असता.

पान सदतीस म्हणजे तुझा जबाब. इतक्या वर्षांनी तुला पानाचा आकडा आठवतो, म्हणजे तेव्हापासून तुझ्या मनात तो किती वेळा उघडला असेल. मी तीन वेळा वाचला आणि पेन्सिलीनं उतरवून घेतला. तुलाच तुझं लिहून पाठवतो.

'प्रश्न: भोकांवरून कागद तुमच्या ताब्यातला होता हे सिद्ध आहे. तो पेपरापर्यंत तुमच्या भावानं पोचवला काय? भावानं तुमच्या पिशवीतून चोरला असं असेल तर तुमच्याकडून फक्त हलगर्जीपणा झाला असं धरून ताकीद देता येईल.

उत्तर: भावानं पोचवला नाही. मी पोचवला.

प्रश्न: फोटोवर काम भावानं केलं. त्यानं भोकं ओळखली असणारच. म्हणजे तो सामील होता.

उत्तर: त्याला बाइंडिंगमधलं काही कळत नाही. तो धांदरट आहे. वडिलांनी त्याच्या हातात टोचा कधी दिला नाही. पुस्तक उलटं आहे की सुलटं हेही त्याला चित्र बघून कळतं.

प्रश्न: तरीही त्यानं ओळखली असतील तर?

उत्तर: ओळखली असती तर त्याच संध्याकाळी घरी येऊन त्यानं मला सावध केलं असतं. मी काही ना काही केलं असतं. त्यानं काही सांगितलं नाही, म्हणजे त्यानं ओळखली नाहीत. तो माझा सख्खा भाऊ आहे.'

खाली तुझी सही.

'पुस्तक उलटं की सुलटं' इथे मला हसू फुटलं. त्या खोलीत हसायला बंदी असावी, सगळ्यांनी वळून बघितलं. पुढचं वाचलं आणि मग कुणाकडे बघायची सोय राहिली नाही. मुलगी धावत पाणी घेऊन आली. पान बघून म्हणाली, "आजोबा, हे तर चूक आहे. परवा तर तुम्ही मला टोचा कसा धरायचा ते करून दाखवलंत! संबंधित माणसाला दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फॉर्म आणू का?" मी म्हटलं, राहू दे बाई. सरकारी कागदात माझ्याविषयी इतकं चांगलं कुणी कधी लिहिलेलं नाही. तिला काही समजलं नाही, पण फॉर्म आणला नाही.

वहीतलं ते वाक्य मात्र तिला खोडायला लावलं. संपादकांना विचारलं नव्हतं, असं समोर बसून सांगितलं. तिचं हसू गेलं. मग म्हणाली, "शुक्रवारी हे बोलाल?" मी म्हटलं, शुक्रवारी मी इथे नसेन. ज्या माणसाला हे सांगायचं त्याला आधी सांगायला पाहिजे, दाराएवढ्या फोटोला सांगून काय उपयोग?

आता जे गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. लिहिलं असतं तर पत्र पोस्टात टाकायची हिंमत झाली नसती.

त्या दिवशी मी सहा वाजता घरी आलो. तू चहा टाकलेला होतास. माझ्या हातांकडे बघून म्हणालीस, "आज नुसता काळाच रंग?" मी म्हटलं, हो. तू आपला कप घेऊन खिडकीशी बसलीस. पेपर यंत्रावर चढायला अजून चार तास होते. एक फोन केला असता तरी संपादकांनी फोटो बदलला असता. अधिकाऱ्यानं काय बघितलं ते तुला सांगितलं असतं, तर तू रातोरात उरलेल्या फायली मध्यावर टोचून ठेवल्या असत्यास, नाहीतर निघून गेली असतीस, नाहीतर सकाळी स्वतः वकील घेऊन हजर झाली असतीस. तुला काय सुचलं असतं ते मला काय ठाऊक! माझ्यापेक्षा तुला नेहमीच जास्त सुचायचं. सांगायला एक वाक्य लागत होतं.

मी वाट बघत होतो की तू सांगशील. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, नाही ना सांगत, मग मी तरी कशाला? आपण दोघांनी चहा संपवला, मी कप विसळले आणि तू दिवा लावलास. ती आपली घरातली शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला ऑफिसातून नेलं.

ताई, मला एकच विचारायचंय. ते शेवटचं उत्तर तू चौकशीवाल्यांना चकवायला दिलंस, की तुला खरंच तसं वाटत होतं? चकवायला दिलं असशील तर तुला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं, आणि तरीही तू ताकीद सोडून माझ्यासाठी चौदा महिने घेतलेस. आणि खरंच वाटत असेल, तर तू एकतीस वर्षं मानत आलीस की माझ्या भावानं ओळखलं नाही. मग ते सोळा तारखेच्या पत्रानं मी माझ्या हातानं मोडलं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते दोन दिवस विचार करून मला ठरवता आलेलं नाही.

उत्तर पत्रानं पाठवू नकोस. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघतो, तीनपर्यंत पोचेन. मला तोंडावर सांग.

बोळ्या